गळती थांबली, आता झडप किती हलते ते बघा

हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या, म्हणजे मायट्रल झडपेच्या दुरुस्तीनंतर एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर एकाच ओळीवर जाते: गळती किती उरली? ‘ट्रिव्हियल’ (नगण्य) किंवा ‘माइल्ड’ (सौम्य) दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ते बरोबरच आहे, दुरुस्ती त्यासाठीच केलेली असते. पण झडपेच्या कड्यावर शिवलेली रिंग असो, पाकळ्या चिमटीत धरणारी क्लिप असो की गोर-टेक्सची कृत्रिम दोरी, प्रत्येक साधन गळती थांबवताना झडपेची काही ना काही हालचाल काढून घेतं. कुठली हालचाल गेली आणि ती गेलेली त्या झडपेला परवडते का, यावर दुरुस्तीचं आयुष्य बरंचसं अवलंबून असतं. म्हणून हा लेख फक्त हालचालीवर.

मिनिटाला ७० ठोके धरले तर ही झडप दिवसाला लाखभर वेळा उघडते आणि मिटते. त्यात फक्त पाकळ्या हलत नाहीत, ज्या कड्याला त्या जोडलेल्या असतात ते कडंही हलतं. हे कडं सपाट नसतं, खोगीराच्या आकाराचं असतं. पुढचा भाग महाधमनीच्या झडपेला चिकटलेल्या चिवट तंतूंचा, त्यामुळे तो फारसा ताणला जात नाही. मागचा भाग स्नायूला लागून, मऊ. हृदय मोठं होत गेलं की फाकतो तो हाच भाग. प्रत्येक ठोक्यात कड्याचं क्षेत्रफळ साधारण पाव हिश्शाने कमी होतं. गंमत म्हणजे ही घट खालचा कप्पा आकुंचन पावण्याआधीच सुरू होते, कारण वरच्या कप्प्याचं आकुंचन कड्याला आत ओढतं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्याची नुसती अनियमित थरथर, झालेल्या रुग्णात ही पूर्वतयारीच नाहीशी होते. वरचा कप्पा नुसता फुगलेला आणि पाकळ्या धडधाकट असूनही गळती, हा प्रकार त्यातूनच येतो. शिवाय आकुंचनात खोगीर अधिक खोल होतं, त्यामुळे पाकळ्यांवरचा ताण विभागला जातो, आणि अख्खं कडं हृदयाच्या टोकाकडे एक ते दीड सेंटिमीटर सरकतं.

पाकळ्या दोन. पुढची उंच, पण कड्याचा जेमतेम एक तृतीयांश घेर व्यापणारी. मागची बुटकी, पण दोन तृतीयांश घेर धरणारी, आणि तिचे तीन भाग: पी१, पी२, पी३. त्यांच्या समोरचे पुढच्या पाकळीचे भाग ए१, ए२, ए३. मिटताना दोन्ही पाकळ्या नुसत्या कडेला कड लावत नाहीत, साधारण ८ ते १० मिमी उंचीपर्यंत एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. ही चिकटलेली उंची म्हणजे झडपेची शिल्लक. कडं थोडं फाकलं किंवा पाकळीला खालच्या कप्प्यातल्या स्नायूशी बांधणारी दोरी जरा ताणली तरी लगेच गळती होत नाही ती या शिल्लकीमुळे. दुरुस्तीतलं प्रत्येक साधन या ना त्या मार्गाने हीच शिल्लक परत मिळवू पाहतं.

पॅरिसचे शल्यचिकित्सक आलें कार्पेंटिए यांनी गळतीचं वर्गीकरणच पाकळ्यांच्या हालचालीवरून केलं. इतक्या वर्षांनंतरही त्याहून उपयोगी वर्गीकरण नाही. पहिला प्रकार: पाकळ्यांची हालचाल ठीक, पण कडं फाकलेलं किंवा पाकळीला भोक. दुसरा: हालचाल जास्त, म्हणजे दोरी लांबलेली किंवा तुटलेली आणि पाकळी वरच्या कप्प्यात उलटणारी. तिसरा: हालचाल कमी. त्यातल्या ‘ए’मध्ये पाकळ्या जाड झाल्याने उघडतानाही आणि मिटतानाही अडतात, हे ऱ्हुमॅटिक आजाराचं, म्हणजे संधिज्वरातून झडपेला झालेल्या इजेचं काम. ‘बी’मध्ये पाकळी चांगली असते, पण खालचा कप्पा फुगून दोऱ्या ज्यांना जोडलेल्या असतात ते पॅपिलरी स्नायू दूर गेल्यामुळे मिटताना ती खाली ओढून धरलेली असते. हृदयविकाराच्या झटक्यानंतरची गळती बहुधा ही. मागच्या-आतल्या बाजूच्या पॅपिलरी स्नायूला बहुतेकांमध्ये एकाच धमनीचं रक्त मिळतं, म्हणून नुकसान तिथे जास्त दिसतं.

जास्त हलणाऱ्या पाकळीला आवर घालणं आणि मुळातच अडकलेल्या पाकळीला आणखी आवळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. साधन मात्र दोन्हीकडे तेच वापरलं जातं. बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात.

आता रिंग. कार्पेंटिए यांनी ती १९६८ च्या सुमारास वापरात आणली. मूळ रिंग कडक होती. तिची पुढून-मागे आणि आडवी मापं ३:४ अशा प्रमाणात, म्हणजे मिटलेल्या झडपेच्या आकाराची. पुढे शल्यचिकित्सक डुरान यांची लवचीक रिंग आली, मग फक्त मागच्या भागाला आधार देणारी पट्टी, मग अर्धकडक आणि खोगीराच्या आकाराच्या रिंगा. कडक रिंग घातली की कडं कायमचं आकुंचनातल्या आकारात गोठतं. क्षेत्रफळातली ती पाव हिश्शाची घट-वाढ थांबते. सपाट कडक रिंगेने खोगीराचा बाकही जातो आणि पाकळ्यांच्या पोटावर ताण वाढतो. खोगीरी रिंग बाक राखते, पण त्याची ठोक्यागणिक होणारी खोल-उथळ हालचाल तिच्यातही राहत नाही. लवचीक पट्टीने ही हालचाल काही अंशी वाचते, मात्र खूप फाकलेल्या कड्याला ती तितक्या घट्टपणे आवरू शकत नाही.

याहून मोठा बदल मागच्या पाकळीत होतो. रिंग कड्याचा मागचा भाग पुढे आणते, आणि मागची पाकळी जवळजवळ स्थिर उभी राहते. ती दाराच्या चौकटीचं काम करते आणि पुढची पाकळी एकटी दार होते. एकोमध्ये हे पाहून ‘मागची पाकळी हलत नाही’ म्हणून घाबरायचं कारण नाही. पुढची पाकळी उंच आणि मोकळी असेल तर ही एका दाराची झडप वर्षानुवर्षं उत्तम चालते. पण याचाच अर्थ असा की रिंग घालण्याआधी पुढच्या पाकळीची प्रकृती बारकाईने पाहायला हवी. ती आखडलेली असेल तर एकुलतं एक दारच अर्धवट उघडणार.

मापाचा निर्णय सगळ्यात नाजूक. रिंगा सहसा दोन-दोन मिमीच्या फरकाने येतात. माप घेताना सायझर, म्हणजे मापाचा साचा, पुढच्या पाकळीवर धरून दोन गोष्टी पाहतात: पाकळीची उंची आणि कड्याच्या दोन तंतुमय कोपऱ्यांमधलं अंतर. पाकळी उलटण्याच्या आजारात खरं माप घालायचं. इथे ‘थोडी लहान घालू, गळती नक्की थांबेल’ हा मोह घातक आहे. लहान रिंगेत मागची पाकळी उंच राहिली, समजा १५ मिमीपेक्षा जास्त, तर दोन्ही पाकळ्यांची मिटण्याची रेषा पुढे, खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीकडे ढकलली जाते. मग पुढच्या पाकळीचा जादा भाग आकुंचनात महाधमनीच्या वाटेत शिरतो, वाट अडते आणि वर गळतीही परत सुरू होते. याला सॅम (सिस्टॉलिक अँटिरिअर मोशन) म्हणतात. मिटण्याच्या रेषेपासून भिंतीपर्यंतचं अंतर २५ मिमीपेक्षा कमी, भिंत जाड, खालचा कप्पा लहान आणि जोरात आकुंचन पावणारा: ही लक्षणं आधीच्या एकोत दिसली तर शस्त्रक्रियेची आखणीच तशी करावी लागते.

हार्ट-लंग मशीनवरून उतरताना सॅम दिसला तर लगेच पुन्हा झडप उघडायची नसते. हृदयाला जोर देणारी औषधं थांबवायची, द्रव देऊन कप्पा भरायचा, फेनिलेफ्रिनने रक्तदाब चढवायचा, बीटा ब्लॉकरने गती उतरवायची. बऱ्याच वेळा एवढ्याने तो जातो. नाहीच गेला तर मागच्या पाकळीची उंची कमी करायची किंवा मोठी रिंग घालायची.

टाक्यांबद्दलही सांगायला हवं, कारण रिंगेचं यश शेवटी टाक्यांवर उभं असतं. साधारण डझन-दीड डझन २-० जाडीचे वेणीदार पॉलिस्टरचे टाके कड्यातून घेऊन रिंगेत ओवतात. पुढच्या भागात कड्यावरचं आणि रिंगेवरचं अंतर सारखं ठेवायचं, आवळायचं ते मागच्या भागात. टाका उथळ पडला तर रिंग उसवते, बहुधा मागच्या बाजूला, जिथे ओढ जास्त असते. उसवलेल्या कडेतून निघणारी बारीक पण वेगवान धार रिंगेच्या कापडावर आपटली की लाल पेशी फुटतात. रुग्णाला गळती ‘माइल्ड’च असते, पण लघवी गडद होते, हिमोग्लोबिन उतरत जातं, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून रक्तात येणारं एन्झाइम) चढतं. दुसऱ्या टोकाला, पी१ जवळ टाका जास्त खोल गेला तर शेजारून जाणारी, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी सर्कमफ्लेक्स धमनी ओढली किंवा बंद होऊ शकते. टेबलावरच ईसीजी बदलला आणि बाजूची भिंत हलेनाशी झाली तर पहिला संशय हाच घ्यावा.

तिसऱ्या ‘बी’ प्रकारात गणित पार बदलतं. तिथे वर्षानुवर्षं मुद्दाम एक-दोन मापं लहान, पूर्ण आणि कडक रिंग घालण्याची पद्धत होती. रिंग मागचं कडं पुढे आणते, पण पॅपिलरी स्नायू जिथे सरकला आहे तिथेच राहतो. मग दोरी आणखी तिरकी होते आणि मागची पाकळी आधीपेक्षा जास्त ओढली जाते. कप्पा पुढेही फुगत राहिला तर चिकटलेली उंची संपते आणि गळती परतते. उत्तर अमेरिकेतल्या कार्डिओथोरॅसिक सर्जिकल ट्रायल्स नेटवर्कने अशा तीव्र गळतीच्या २५१ रुग्णांत दुरुस्ती आणि झडप बदलणं यांची तुलना केली. दोन वर्षांत मध्यम किंवा तीव्र गळती परत आलेले दुरुस्तीच्या गटात ५८.८ टक्के निघाले, बदललेल्यांत ३.८ टक्के. मृत्युदरात मात्र ठळक फरक नव्हता. माझं मत स्पष्ट आहे: मिटण्याची जागा कड्याच्या पातळीपासून १० मिमीहून अधिक खाली ओढली गेली असेल तर एकट्या रिंगेवर विसंबू नये. तिथे जखडलेपण कड्यात नाही, कप्प्यात आहे.

दोऱ्यांचं काम वेगळं. तुटलेल्या किंवा लांबलेल्या दोरीच्या जागी ईपीटीएफईचा, म्हणजे गोर-टेक्सचा सीव्ही-४ किंवा सीव्ही-५ जाडीचा धागा पॅपिलरी स्नायूपासून पाकळीच्या कडेपर्यंत बांधतात. हालचाल सगळ्यात जास्त वाचवणारी पद्धत हीच, कारण पाकळीचं मांस कापून टाकावं लागत नाही. अडचण लांबीची. धागा आखूड झाला तर पाकळी खाली अडकते, म्हणजे दुसऱ्या प्रकाराचा आपल्याच हाताने तिसरा केला जातो. लांब राहिला तर पाकळी पुन्हा उलटते. त्यातून हा धागा गुळगुळीत असतो, गाठ सरकते, म्हणून लांबी पक्की धरून एकावर एक बऱ्याच गाठी मारतात. आणखी एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही: गळती थांबल्यावर मोठा झालेला कप्पा काही महिन्यांत लहान होतो, पॅपिलरी स्नायू वर सरकतो, आणि टेबलावर बरोबर वाटलेला धागा सैल पडतो. खूप फुगलेल्या हृदयात लांबी ठरवताना हे डोक्यात असावं लागतं.

तपासणी टेबलावरच होते. खालच्या कप्प्यात सलाइन भरून झडप मिटवून पाहतात. मिटण्याची रेषा मागच्या कड्याला समांतर आणि झडपेच्या मागच्या बाजूला दिसली पाहिजे. मग त्या रेषेवर निर्जंतुक शाईची खूण करून पाकळ्या उलगडायच्या. खुणेच्या खाली किमान ६ मिमी बिनशाईची पाकळी दिसली तर शिल्लक पुरेशी. पुढच्या पाकळीत ती १० मिमीच्या वर गेली तर सॅमची भीती. पण सलाइन चाचणी थांबलेल्या, ढिल्या हृदयावर होते, हे विसरू नये. धडधडत्या हृदयावरचा अन्ननलिकेतून केलेला एको हाच शेवटचा निकाल.

क्लिपची कल्पना शस्त्रक्रियेतूनच आली. १९९१ मध्ये मिलानचे ओत्ताव्हियो आल्फिएरी यांनी दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने जोडून टाकल्या. एका तोंडाच्या झडपेला दोन तोंडं झाली, आणि गळती थांबली. मायट्राक्लिप ही क्लिप तेच काम जांघेतल्या शिरेतून करते. २००३ मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली. कोबाल्ट-क्रोमियमची, पॉलिस्टरच्या कापडाने मढवलेली. आखूड हात ९ मिमीचे, लांब १२ मिमीचे, रुंदी ४ किंवा ६ मिमी. पास्कल हे दुसरं साधन नायटिनॉल या मिश्रधातूचं, आणि त्याच्या मध्यभागी उरलेली फट भरणारा एक फुगीर भाग असतो.

क्लिप पाकळ्यांचा मधला भाग पूर्णपणे बांधून टाकते. ए२ आणि पी२ आता स्वतंत्र हलत नाहीत, मोकळ्या राहतात त्या फक्त बाजू. कड्यावरही परिणाम होतो: पाकळ्या एकमेकींना धरल्याने पुढून-मागचं अंतर लगेच थोडं कमी होतं. काही महिन्यांत क्लिपवर ऊतींचा पूल तयार होतो आणि जोड पक्का होतो. पण क्लिप कड्याला आधार देत नाही. आल्फिएरी टाक्याच्या शस्त्रक्रियेतही सोबत रिंग न घातलेल्यांचे निकाल कमी टिकाऊ निघाले होते. फार फाकलेलं कडं नुसत्या क्लिपने आवरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

उघडण्याची किंमत इथे सर्वांत जास्त. एका क्लिपने झडपेचं तोंड जवळपास निम्मं होऊ शकतं. निरोगी झडप ४ ते ६ चौ. सेंमी उघडते. म्हणून मुळात ४ चौ. सेंमीच्या वर उघडणारी झडप निश्चिंतपणे घ्यावी, ३.५ च्या खाली दहादा विचार करावा. दुसरी क्लिप लावण्याआधी सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, पाहायचा. तो ५ मिमी पाऱ्याच्या वर जात असेल तर बहुतेक वेळा थोडी गळती पत्करणं बरं.

बसवताना काय काय चुकतं? शिरेतून उजवीकडे आलेलं साधन डावीकडे नेण्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडायची जागा मागे आणि वर हवी, झडपेपासून साधारण ४ ते ४.५ सेंमी उंचीवर. ती खाली पडली तर क्लिप हलवायला जागाच उरत नाही. त्रिमितीय एकोत वरून पाहून क्लिपचे हात मिटण्याच्या रेषेला काटकोनात आणायचे, मग खालच्या कप्प्यात उतरायचं. उतरल्यावर दिशा पुन्हा तपासायची, कारण उतरताना क्लिप फिरते. खाली फार फिरवाफिरव केली, विशेषतः दोन पाकळ्या मिळतात त्या कोपऱ्यांजवळ, तर हात दोऱ्यांत अडकतात. दोन्ही पाकळ्या हातांवर टेकल्या की त्यांना वरून पकडणारे ग्रिपर सोडायचे आणि हळूहळू मिटवायचं. दोन्ही पाकळ्या पुरेशा आत आल्यात का हे वेगवेगळ्या कोनांतून पाहायचं. आखूड हाताला साधारण ६ मिमी, लांबाला ९ मिमी. इथे घाई झाली तर क्लिप एकाच पाकळीवर लटकते आणि गळती आधीपेक्षा वाईट होते. मागची पाकळी बुटकी असताना लांब हाताची क्लिप लावणं म्हणजे तिला ताणून धरणं. पाकळी फाटण्याची भीती तिथेच.

आणि सोडण्याआधी रक्तदाब. भूल दिलेल्या रुग्णाचा दाब १०० च्या आत असताना गळती खोटी कमी दिसते. फेनिलेफ्रिनने दाब रोजच्या पातळीवर आणायचा, मगच गळती, फुप्फुसाच्या शिरांतला प्रवाह आणि ग्रेडियंट मोजायचा. सोडेपर्यंत क्लिप उघडून पुन्हा लावता येते, सोडल्यावर नाही.

२०१८ साली हृदय कमजोर झाल्याने येणाऱ्या गळतीत क्लिप आणि नुसती औषधं यांची तुलना करणाऱ्या कोॲप्ट आणि मित्रा-एफआर या दोन चाचण्या आल्या आणि एकाच क्लिपचे उलटसुलट निकाल दिसले. कोॲप्टमध्ये दोन वर्षांतला मृत्युदर ४६.१ वरून २९.१ टक्क्यांवर आला. मित्रा-एफआरमध्ये वर्षभरात काहीच फरक पडला नाही. कोॲप्टमधल्या रुग्णांची गळती जास्त होती आणि कप्पे तुलनेने कमी फुगलेले होते, मित्रा-एफआरमध्ये उलट. या फरकाची इतरही कारणं सांगितली जातात, पण मला हेच सर्वांत पटतं: आजार झडपेच्या न मिटण्यात असेल तर क्लिप उपयोगी, स्नायूच थकला असेल तर झडप मिटवून हाती फारसं लागत नाही.

उजव्या बाजूच्या तीन पाकळ्यांच्या ट्रायकस्पिड झडपेबद्दल इथे एवढंच: तिथली रिंग मुद्दाम अपुरी, तोंड उघडी ठेवलेली असते, कारण पडद्याकडच्या भागाखालून हृदयाची वीजवाहिनी जाते. तिथे टाका पडला तर पेसमेकरची पाळी येते.

आपल्याकडे ऱ्हुमॅटिक झडप अजूनही पाहायला मिळते, आणि रुग्ण तरुण असतो, बऱ्याचदा तरुण मुलगी. पाकळ्या जाड, कोपरे चिकटलेले, दोऱ्या आखडलेल्या. अशा झडपेवर क्लिप लावू नये. उघडत नसलेल्या झडपेचं तोंड आणखी निम्मं करण्यासारखं ते आहे. झडप अरुंद असेल आणि गळती फारशी नसेल तर इनोऊ बलूनने कोपरे सोडवले जातात. जपानच्या कांजी इनोऊ यांनी ही पद्धत १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. गळती मोठी असेल आणि दुरुस्ती करायचीच असेल तर आधी हालचाल मोकळी करायची: कोपरे कापायचे, जाडी सोलायची, जाड दुय्यम दोऱ्या काढायच्या, गरज असेल तर रुग्णाच्याच पेरिकार्डियमचा (हृदयाभोवतीच्या आवरणाचा) तुकडा लावून पाकळी वाढवायची. रिंग सर्वांत शेवटी, आणि तीही लहान नको. यानंतरही पेनिसिलिनचं दर तीन-चार आठवड्यांचं इंजेक्शन चालूच ठेवायचं, नाहीतर दुरुस्त केलेली पाकळी पुन्हा आखडते.

रुग्णाला घरी सोडतानाच्या एकोत मी काय शोधावं असं सांगेन? सरासरी ग्रेडियंट, आणि त्याच ओळीत मोजतानाची नाडीची गती. गतीशिवाय ग्रेडियंट अर्धवट आहे. झडपेतून जाणाऱ्या प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर दाबातला फरक चौपट होतो, म्हणून ६० च्या गतीला ४ दिसणारा ग्रेडियंट ताप, रक्तक्षय किंवा गरोदरपणात १०० च्या गतीला बराच वर जातो. जिना चढताना दम लागतो पण विश्रांतीचा एको चांगला आहे, अशी तक्रार असेल तर व्यायाम करवून एको करावा. क्लिपनंतर तोंडाचं क्षेत्रफळ प्रेशर हाफ-टाइमवरून (दाबातला फरक निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळावरून) काढू नये. त्रिमितीय एकोत दोन्ही तोंडं वेगवेगळी मोजून बेरीज करावी. रिपोर्टमध्ये रिंगेचं किंवा क्लिपचं नाव, माप आणि संख्या असावी, आणि ते कार्ड रुग्णाने जवळ ठेवावं. एमआरआय करताना आणि पुढच्या प्रत्येक एकोत ते लागतं. रिंग, क्लिप, गोर-टेक्स, काहीही बसवलं असलं तरी दात काढण्याआधी किंवा हिरड्यांच्या कामाआधी जंतुसंसर्ग टाळणारी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते. मोठ्या माणसाला, ॲलर्जी नसेल तर, सहसा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, कामाच्या अर्धा ते एक तास आधी. दंतवैद्याला हे आपणहून सांगायचं, तो विचारेल याची वाट पाहू नये.